खेळ तोच, किंमत वेगळी : व्हिडिओ गेमच्या किमतीत कार्ट्रिज आणि डिस्कचा वाटा किती?

निन्टेन्डो या जपानी कंपनीने जून २०२५ मध्ये ‘स्विच २’ हा नवा कन्सोल बाजारात आणला. त्याच्यासोबत आलेल्या ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ या खेळाला युरोपात दोन किमती होत्या. इंटरनेटवरून डाउनलोड करून घेणाऱ्या ग्राहकास तो ७९.९९ युरोला मिळत होता, तर दुकानातून कार्डाच्या स्वरूपात घेणाऱ्यास ८९.९९ युरो मोजावे लागत होते. ब्रिटनमध्ये हेच आकडे अनुक्रमे ६६.९९ आणि ७४.९९ पौंड होते. अमेरिकेत मात्र दोन्ही प्रकारांची किंमत एकच, ७९.९९ डॉलर ठेवण्यात आली.

एकाच खेळासाठी युरोपातील ग्राहकाने कार्डापोटी दहा युरो अधिक द्यावेत आणि अमेरिकेतील ग्राहकाने काहीही अधिक देऊ नये, याचे स्पष्टीकरण केवळ उत्पादनखर्चात सापडत नाही. कार्ट्रिज, डिस्क किंवा कार्ड तयार करण्याचा खर्च खेळाच्या किमतीवर निश्चितच परिणाम करतो. पण त्यात झालेली बचत ग्राहकापर्यंत पोहोचेल की नाही, हे बाजारातील स्पर्धा ठरवते. गेल्या चार दशकांचा अनुभव हेच सांगतो.

चिप महाग, म्हणून खेळ महाग

१९८० आणि १९९० च्या दशकांत घरगुती व्हिडिओ गेम प्रामुख्याने कार्ट्रिजमधून विकले जात. भारतात मुले ज्याला सर्रास ‘कॅसेट’ म्हणत, तीच ही वस्तू. वरून ती प्लास्टिकची साधी डबी दिसे. पण आत रॉम चिप बसवलेला छापील सर्किट फलक असे. खेळ जितका मोठा, तितकी अधिक क्षमतेची आणि महाग चिप लागे. खेळाडूची प्रगती जतन करायची असल्यास निराळी स्मृतिचिप आणि छोटी बॅटरी बसवावी लागे. १९९३ च्या ‘स्टार फॉक्स’सारख्या खेळाच्या कार्ट्रिजमध्ये तर त्रिमितीय चित्रांसाठी स्वतंत्र प्रक्रियक चिपच घालण्यात आली होती.

हा खर्च टाळण्याचा पहिला मोठा प्रयत्न निन्टेन्डोनेच केला. फेब्रुवारी १९८६ मध्ये कंपनीने जपानमध्ये आपल्या ‘फॅमिकॉम’ कन्सोलसाठी चुंबकीय डिस्क वाचणारे उपकरण आणले. दुकानांतील यंत्रावर जुनी डिस्क देऊन तिच्यावर नवा खेळ लिहून घेण्यासाठी अवघे ५०० येन पडत. त्याआधीच्या वर्षी आलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या कार्ट्रिजची किंमत ४,९०० येन होती. माध्यम पुन्हा वापरता आले, तर खेळ किती स्वस्त होऊ शकतो, याचे हे उत्तम उदाहरण होते. परंतु काही वर्षांतच रॉम चिप स्वस्त झाल्या, त्यांची क्षमता डिस्कच्या पुढे गेली आणि ही व्यवस्था मागे पडली.

११,४०० येनांवरून ६,८०० येनांवर

माध्यम बदलल्याने किंमत कशी खाली येते, हे स्क्वेअर या जपानी कंपनीच्या दोन खेळांवरून दिसते. १९९४ मध्ये ‘फायनल फँटसी ६’ हा खेळ ‘सुपर फॅमिकॉम’साठी कार्ट्रिजमधून आला. त्यातील माहिती जेमतेम तीन मेगाबाइट होती आणि जपानमधील किंमत ११,४०० येन. जानेवारी १९९७ मध्ये ‘फायनल फँटसी ७’ सोनीच्या ‘प्लेस्टेशन’साठी तीन सीडींच्या संचात आला. त्याच्या निर्मितीवर आधीच्या खेळापेक्षा कितीतरी अधिक खर्च झाला होता. तरीही त्याची किंमत ६,८०० येन होती.

एका सीडीत साडेसहाशे मेगाबाइटांच्या आसपास माहिती मावत असे आणि ती छापण्याचा खर्च कार्ट्रिजच्या तुलनेत नगण्य होता. याउलट १९९६ मध्ये आलेल्या ‘निन्टेन्डो ६४’ने कार्ट्रिजच कायम ठेवले. खेळ चटकन सुरू होणे आणि नक्कल करणे अवघड असणे, हे त्याचे लाभ होते. मात्र त्या कार्ट्रिजची क्षमता ४ ते ६४ मेगाबाइट एवढीच होती. ‘सुपर मारिओ ६४’ हा गाजलेला खेळ ८ मेगाबाइटांचा होता आणि जपानमध्ये तो ९,८०० येनांना विकला गेला.

यात खर्चाइतकाच महत्त्वाचा मुद्दा जोखमीचा होता. कार्ट्रिजची मागणी प्रकाशकाला कित्येक आठवडे आधी नोंदवावी लागे आणि पैसेही आगाऊ गुंतवावे लागत. अंदाज कमी पडला तर दुकाने रिकामी राहत. जास्त झाला तर न विकलेला माल गळ्यात पडे. अशा मालाचे काय होते, हे अटारी कंपनीने १९८३ मध्ये दाखवून दिले होते. ‘ई. टी.’सह अनेक खेळांची न खपलेली कार्ट्रिजे तिने अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात आलामोगोर्डो येथे कचरा डेपोत पुरली. २०१४ मध्ये केलेल्या उत्खननात ती प्रत्यक्ष सापडली. सीडी मात्र थोड्या संख्येने छापून, मागणी दिसताच काही दिवसांत पुन्हा छापता येत असे. जोखीम कमी झाल्याने किंमत कमी ठेवणे प्रकाशकाला परवडू लागले.

ही बचत ग्राहकापर्यंत पोहोचली, याला आणखी एक कारण होते. सोनी त्या वेळी या क्षेत्रात नवखी होती. प्रस्थापित निन्टेन्डोचे प्रकाशक आणि ग्राहक आपल्याकडे वळवण्यासाठी स्वस्त खेळ हे तिचे प्रभावी साधन होते.

साठ डॉलरचा हिशेब

डिस्कच्या काळात माध्यमाचा खर्च एकूण किमतीचा लहानसा भाग उरला. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या दैनिकाने २०१० मध्ये मांडलेल्या विभागणीनुसार, ६० डॉलरच्या खेळातील सुमारे २७ डॉलर प्रकाशकाकडे आणि १५ डॉलर किरकोळ विक्रेत्याकडे जात. कन्सोल बनविणाऱ्या कंपनीचे स्वामित्वशुल्क सुमारे ७ डॉलर असे. उरलेली रक्कम परत आलेला माल, उत्पादन आणि वाहतूक यांत खर्ची पडे. थोडक्यात, डिस्कवर होणाऱ्या खर्चापेक्षा ती ज्या फळीवर मांडली जाते, त्या फळीचे मोल कितीतरी अधिक होते.

या हिशेबानुसार डाउनलोडद्वारे होणारी विक्री सुरू झाल्यावर किमती लक्षणीयरीत्या उतरायला हव्या होत्या. छपाई नाही, वाहतूक नाही, दुकानदार नाही, परत येणारा मालही नाही. तरीही बहुतांश मोठ्या खेळांच्या डाउनलोड आवृत्तीची प्रारंभीची किंमत डिस्कइतकीच राहिली.

याची तीन कारणे सांगता येतात. दुकानदाराची जागा डिजिटल दुकानाने घेतली आणि त्याचे कमिशन साधारणपणे ३० टक्के ठरले. म्हणजे जुन्या विक्रेत्याच्या हिश्शापेक्षा अधिकच. दुसरे म्हणजे, डाउनलोड स्वस्त केल्यास डिस्क विकणारी दुकाने नाराज होतील, ही भीती प्रकाशकांना होती. कन्सोलची विक्रीही त्याच दुकानांतून होत होती. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. डिस्कचा खेळ ग्राहक दहा दुकानांत भाव करून घेऊ शकतो. कन्सोलवरील डिजिटल दुकान मात्र बहुधा एकच असते. स्पर्धक नसेल, तर बचत वाटून देण्याची गरज उरत नाही.

अर्थात, प्रकाशकांची बाजूही विचारात घेतली पाहिजे. अमेरिकेत मोठ्या खेळांची ६० डॉलर ही किंमत २००५ च्या सुमारास रूढ झाली आणि २०२० पर्यंत टिकली. त्या काळात तेथील सर्वसाधारण महागाई सुमारे एक तृतीयांशाने वाढली, तर खेळनिर्मितीचा खर्च त्याहून वेगाने वाढला. माध्यमात वाचलेला पैसा काही अंशी ही दरी भरण्यात गेला.

बचत ग्राहकाला देण्याची उदाहरणेही आहेत. फिनलंडच्या रेमेडी या कंपनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ॲलन वेक २’ हा खेळ केवळ डाउनलोड स्वरूपात आणला आणि डिस्क टाळल्यामुळे किंमत कमी ठेवता आल्याचे सांगितले. कन्सोलसाठी ती ५९.९९ डॉलर होती. त्या वेळी मोठे खेळ ७० डॉलरवर गेले होते. ग्राहकाची तयारी किती, यावरही किंमत ठरते. मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये ‘द आउटर वर्ल्ड्स २’साठी ७९.९९ डॉलर जाहीर केले आणि नाराजी उमटल्यावर सुमारे दीड महिन्यात ते ६९.९९ वर आणले. या निर्णयाचा डिस्कच्या खर्चाशी काहीही संबंध नव्हता.

रिकामे कार्ड

‘स्विच’ मालिकेमुळे चिपवर आधारित माध्यम पुन्हा प्रचारात आले आणि जुना प्रश्नही परतला. ब्लू-रे डिस्कवर ५० गिगाबाइट माहिती स्वस्तात मावते. कार्डाची क्षमता वाढवली की खर्च वाढतो. त्यामुळे पहिल्या ‘स्विच’च्या काळात काही प्रकाशकांनी लहान कार्ड वापरून उरलेला खेळ ग्राहकाला डाउनलोड करायला लावला.

‘स्विच २’मध्ये याची पुढची पायरी दिसते. ‘गेम-की कार्ड’ या प्रकारात कार्डावर खेळ नसतोच. तो डाउनलोड करण्याची केवळ किल्ली असते. ‘सायबरपंक २०७७’सारखा खेळ ६४ गिगाबाइटांच्या कार्डावर संपूर्ण आला, परंतु अनेक प्रकाशकांनी किल्लीचा मार्ग पत्करला. असे कार्ड दुसऱ्याला देता किंवा विकता येते, हा त्याचा गुण. मात्र साठवणुकीची जागा आणि इंटरनेटचा खर्च यांचा भार त्यामुळे प्रकाशकाकडून ग्राहकाकडे सरकतो.

भारतीय ग्राहकासाठी अर्थ

भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘प्लेस्टेशन ५’ दाखल झाला, तेव्हा डिस्क वाचणाऱ्या कन्सोलची किंमत ४९,९९० रुपये, तर डिस्कविना चालणाऱ्याची ३९,९९० रुपये होती. दहा हजारांची ही बचत आकर्षक वाटते. परंतु डिस्कविना कन्सोल घेणाऱ्यासाठी सोनीचे डिजिटल दुकान हाच खेळ घेण्याचा मार्ग उरतो. डिस्क घेणारा मित्राकडून खेळ आणू शकतो, जुनी डिस्क स्वस्तात घेऊ शकतो आणि खेळून झाल्यावर विकून निम्मीअर्धी रक्कम परत मिळवू शकतो. ५,००० रुपयांत घेतलेली डिस्क २,५०० रुपयांना विकली, तर त्या खेळाचा खरा खर्च २,५०० रुपयेच झाला. वर्षाला चार-पाच खेळ घेणाऱ्याने हा हिशेब कन्सोल निवडण्यापूर्वीच मांडणे हिताचे ठरेल.

डाउनलोडमध्ये ग्राहकाला वस्तू मिळत नाही; मिळतो तो वापरण्याचा परवाना. ही बाब विक्रेत्यांनी स्पष्टपणे सांगावी, असा कायदा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात जानेवारी २०२५ पासून लागू झाला आहे. डिस्क हीदेखील सर्वकाळची हमी नाही. युबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी ‘द क्रू’ या खेळाचे सर्व्हर बंद केल्यावर त्याच्या डिस्कही निरुपयोगी ठरल्या.

युरोपातील ग्राहक कार्डासाठी जे दहा युरो अधिक देतो, त्यात चिप, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा या सर्वांचा अंश आहे. त्याबरोबरच तो खेळ उसना देण्याचा आणि पुन्हा विकण्याचा अधिकारही विकत घेत असतो. म्हणूनच डिस्क आणि डाउनलोड यांची तुलना करताना वेष्टनावरील किमतीबरोबर या अधिकाराचे मोलही हिशेबात धरावे लागते.