म्हापशातली उंच घरे आणि चिऱ्याची हद्द

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने विचारले, "मामा, म्हापशातली सगळ्यांत उंच इमारत कुठली?" तीस वर्षे बांधकामात घालवलेल्या माणसाला याचे उत्तर चटकन देता यायला हवे. मला आले नाही. कारण हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. उंची कुठून मोजायची? रस्त्यापासून, की समुद्रसपाटीपासून? अल्तिनोच्या टेकडीवरचे एकमजली घर बाजारातल्या पाचमजली इमारतीकडे वरून बघते. मग उंच कोण?

शिवाय मजले मोजून उंची कळते हा आपला एक गैरसमज आहे. जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टीनचा मनोरा घ्या. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्ण झालेला, सगळा चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा. मजले फक्त चार, उंची मात्र 46 मीटर. आजच्या हिशेबाने मजल्याला तीन मीटर धरले, तर तेवढ्यात पंधरा मजले बसतील. म्हापशात मी पंधरा मजली इमारत बघितलेली नाही.

हा मनोरा आज अर्धाच उभा आहे. बहुतेक पर्यटक समजतात की चिऱ्याला एवढे ओझे पेलले नाही. मी एकदा बसून हिशेब केला. चिऱ्याचे वजन घनमीटरला साधारण 2200 किलो धरले, तर 46 मीटर उंच भिंतीच्या पायाशी स्वतःच्या वजनाचा दाब दर चौरस मिलिमीटरला जेमतेम 1 न्यूटन येतो. बांधकामासाठी घेण्याच्या चिऱ्याने निदान 3.5 न्यूटन सोसले पाहिजेत, असे भारतीय मानक सांगते. म्हणजे नुसत्या वजनाने दगड चिरडायला नको होता.

मग झाले काय? 1835 मध्ये गोव्यातले धर्मसंघ बंद झाले आणि मठ रिकामा पडला. 1842 मध्ये चर्चची कमान कोसळली. छप्पर गेले की पाऊस भिंतीच्या पोटात शिरतो, चुना धुपतो, सांध्यांत पिंपळ रुजतो. गोव्याचा पावसाळा बघितलेल्या माणसाला यापुढे सांगायला नको. 1931 मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा खाली आला. त्याची घंटा मात्र वाचली. ती काही वर्षे आपल्या बारदेशात आग्वादच्या किल्ल्यावर होती आणि 1871 पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. अजून वाजते.

आता म्हापशाकडे येतो. कित्येक पिढ्या या गावात सगळ्यांत उंच मान होता मिलाग्रीस चर्चचा. स्थापना 1594 ची. 1838 मध्ये आगीत जळाले, ते पुन्हा उभे केले. शिरगावच्या लईराईची बहीण म्हणून हिंदूही या सायबिणीला मानतात, हे वाचकांना ठाऊक असेलच. शेतातल्या राखणदार बोडगेश्वराला तर उंचीची गरज कधी पडलीच नाही. देवळांकडे उंच असे ते दीपस्तंभच. नार्वेच्या सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये पुन्हा बांधवले. ते ठेंगणेच, पण दीपस्तंभ समोर ताठ उभा.

घरे मात्र माडाच्या खालीच राहिली. तळमजला, फार तर वर एक माडी, त्यावर कौले. चिऱ्याची भिंत स्वतःचे वजन पेलते हे वर बघितलेच. पण तिच्यावर मजल्यामागून मजला चढवायचा, तर ती खाली जाड करत न्यावी लागते. बाजारातल्या चिंचोळ्या दुकानात एवढी जाड भिंत घातली, तर दुकानच उरणार नाही. ही झाली चिऱ्याची खरी हद्द. सिमेंट आणि सळी आली तेव्हा ओझे खांबांवर गेले. चिरा नुसता पडद्यापुरता उरला.

दुसरी हद्द पाण्याची, तिच्याकडे कुणी बघत नाही. म्हापशाला पाणी अस्नोड्याहून येते आणि टेकडीवरच्या टाकीतून खाली उतरते. पाण्याच्या दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. नळातल्या घर्षणात त्यातला काही जातो, लोकांनी एकदम तोट्या सोडल्या की आणखी जातो. वरच्या मजल्यावर नळ सुसू करतो तो म्हणून. जमिनीखाली टाकी, तिथे पंप आणि गच्चीवर दुसरी टाकी ही व्यवस्था घरोघर आली, तेव्हाच चौथा-पाचवा मजला राहण्याजोगा झाला. वीज गेली की हे मजले कोरडे.

तिसरी हद्द कायद्याची. 1974 चा नगर नियोजन कायदा, मग प्रादेशिक आराखडे. त्यातला 2011 चा आराखडा लोकांच्या विरोधामुळे 2007 मध्ये रद्द करावा लागला. 2016 मध्ये कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून माड वगळला आणि पुढच्याच वर्षी त्याला राज्यवृक्ष केले. म्हापसा त्या काळात दत्तवाडी, खोर्ली, करासवाड्याकडे वाढतच होता. 2014 च्या जानेवारीत काणकोणला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून तीसच्या आसपास मजूर मेले. त्यानंतर कित्येक महिने मी कुठल्याही साइटवर गेलो की आधी खांब ठोकून बघायचो. ही सवय अजून गेलेली नाही.

एक कबुली द्यायची राहिली. आमच्या जुन्या घराच्या बल्कांवातून चर्चचे शिखर दिसायचे. संध्याकाळची घंटा झाली की आई तिकडे बघून मगच दिवा लावायची. नव्वदीत मी समोरच्या भाटातल्या एका चारमजली इमारतीच्या खांबांचा हिशेब केला. हिशेब चोख होता, इमारतीला आजवर तडा नाही. स्लॅब पडला त्या संध्याकाळी आई बाहेर आली, बघितले आणि एवढेच म्हणाली, "आता घंटा ऐकूनच चालवायचे." नकाशावर त्या इमारतीच्या उत्तरेला काय आहे हे मी बघितले होते. आई बसते ती जागा त्यात नव्हती.

भाच्याला उत्तर हवेच होते. त्याला एक युक्ती शिकवली. पुठ्ठ्याचा काटकोन त्रिकोण घ्यायचा, दोन बाजू सारख्या. एक बाजू आडवी धरून तिरक्या कडेवरून बघत मागे सरकायचे. माथा कडेच्या रेषेत आला की थांबायचे. तिथून इमारतीपर्यंतचे अंतर, अधिक आपल्या डोळ्याची उंची, म्हणजे इमारतीची उंची. जमीन सपाट हवी, अल्तिनोच्या उतारावर ही युक्ती फसते.

पुढच्या शुक्रवारी बाजार उठल्यावर आम्ही दोघे चर्चपासून सुरुवात करणार आहोत. कुणाकडे मुक्तीच्या आधीचे म्हापशाचे फोटो असतील, तर मंडळाला जरूर दाखवा. मागे शिखर दिसत असेल, तर घर कुणाचे हे महत्त्वाचे नाही.