पर्णमुकुट : विजयाचा आणि मृत्यूचा

ऑलिम्पियाला जिंकणाऱ्याच्या डोक्यावर रानटी ऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट चढवला जाई. डेल्फीला लॉरेलचा (हे झाड आपल्या तमालपत्राच्याच कुळातले), नेमियाला रानसेलेरीचा आणि इस्थमियाला कधी पाइनचा, कधी सेलेरीचा. या चार मुकुटांकडे आपण आजच्या पदकांचे पूर्वज म्हणून पाहतो. मला हा अर्थ अपुरा वाटतो.

कारण प्राचीन ग्रीसमध्ये डोक्यावर पाने घालण्याचा मान एकट्या विजेत्याचा नव्हता. देवाला बळी अर्पण करणारा मुकुट घाली आणि बळीच्या पशूलाही पानाफुलांनी सजवत. अथेन्सच्या सभेत बोलायला उभा राहणारा आणि मेजवानीतले पाहुणेही तो घालत. प्रेतालाही तो चढवला जाई. साथीत पॅरालस हा मुलगा गेला, तेव्हा त्याच्या कलेवरावर मुकुट ठेवताना एरवी धीरगंभीर असणाऱ्या पेरिक्लीसचा बांध फुटला, असे प्लूटार्क सांगतो.

सेलेरीत ही दोन टोके एकत्र येतात. कोथिंबिरीच्या कुळातली ही साधी वनस्पती ग्रीक लोक थडग्यांवर वाहत. फार आजारी माणसाबद्दल ‘आता याला सेलेरीच हवी’ अशा अर्थाची म्हण होती. नेमियाच्या खेळांची कथाही मृत्यूचीच आहे. दाईने ओफेल्टीस या तान्ह्या राजपुत्राला क्षणभर सेलेरीच्या ताटव्यावर ठेवले आणि त्याला साप डसला. त्याच्या स्मरणार्थ खेळ सुरू झाले, म्हणून तिथले पंच काळी वस्त्रे घालत. जेत्याच्या कपाळावर येई ती या शोकाचीच पाने.

इ.स.पू. ३४० च्या सुमारास सिसिलीत कार्थेजच्या फौजेवर चालून जाताना टिमोलिऑनच्या सैन्याला सेलेरी लादलेली खेचरे आडवी आली. अपशकुन झाला म्हणून सैनिक हबकले. टिमोलिऑन कॉरिंथचा होता. इस्थमियाच्या खेळांत आपण विजेत्याला हीच पाने घालतो, याची त्याने आठवण दिली आणि पहिला मुकुट स्वतःच्या डोक्यावर चढवला. मग अधिकाऱ्यांनी आणि सैनिकांनीही तेच केले. क्रिमिसस नदीवरची ती लढाई त्यांनी जिंकली. वनस्पती तीच होती, बदलले ते तिचे वाचन.

झेनोफोनची गोष्ट याहून बोलकी आहे. मँटिनियाच्या लढाईत (इ.स.पू. ३६२) त्याचा मुलगा ग्रिलस पडला. बातमी आली तेव्हा झेनोफोन मुकुट घालून देवाला बळी देत होता. त्याने मुकुट उतरवला. मुलगा शौर्याने लढून पडला हे कळल्यावर त्याने तो पुन्हा घातला.

म्हणून माझ्या मते पर्णमुकुट हे आधी बक्षीस नाही, वेगळेपणाची खूण आहे. हा माणूस या घटकेला रोजच्या व्यवहाराबाहेर, देवांच्या समीप उभा आहे, एवढेच ती सांगते. विजेता तसा असतो आणि मृतही. त्या घटकेइतकेच तिचे आयुष्य, म्हणून ती कोमेजणाऱ्या पानांची.

कोमेजणे टाळायची हौस पुढे मॅसिडोनियाच्या राजांनी केली. १९७७ मध्ये मानोलिस आंद्रोनिकोस यांना व्हेर्गिनाच्या राजथडग्यात ओकचा सोन्याचा मुकुट सापडला. त्यात ३१३ पाने आणि ६८ ओकफळे आहेत. राजाची संपत्ती अमाप होती, पण मृत्यूच्या दारी सोनारालाही झाडाचीच पाने घडवावी लागली.