भारित सरासरी

सरासरी काढण्याची रीत आपणां सर्वांस पाठ असते : दिलेल्या संख्यांची बेरीज करावी आणि त्या जितक्या असतील तितक्यांनीं तिला भागावें. रीत बरोबर आहे. परंतु ती कोठें लावावी व कोठें लावूं नये हें न समजल्यास बरोबर रीतीनेंही चुकीचें उत्तर येतें.

घरचेंच उदाहरण घेऊं. ४० रुपये किलोचे ८ किलो तांदूळ आणि ६० रुपये किलोचे २ किलो तांदूळ एकत्र केले, तर मिश्रणाचा दर काय? पुष्कळ मुलें चटकन ५० असें सांगतात. पण प्रत्यक्ष पैसे मोजूं. ८ × ४० = ३२० आणि २ × ६० = १२०; एकूण ४४० रुपये. तांदूळ १० किलो; म्हणून दर ४४ रुपये. दोन्ही प्रकारचे तांदूळ सारखेच असते तरच ५० हें उत्तर खरें ठरलें असतें. येथें स्वस्त तांदूळ अधिक असल्यामुळें दर त्याच्याकडे झुकला.

ज्या प्रमाणांत एखादी संख्या हिशेबांत येते, त्या प्रमाणास तिचा 'भार' म्हणावें. मग नियम असा : प्रत्येक संख्येस तिच्या भारानें गुणावें, गुणाकारांची बेरीज करावी आणि तिला सर्व भारांच्या बेरजेनें भागावें. उत्तर नेहमीं सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या संख्येच्या दरम्यान येतें. तसें न आल्यास कोठें तरी चूक झाली असें समजावें.

हा नियम आपल्याकडे नवा नाहीं. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती' ग्रंथांत तो सुवर्णगणितांत आला आहे. सोन्याच्या कसास तेथें 'वर्ण' म्हटलें आहे. १० मासे सोनें १३ वर्णांचें, ४ मासे १२ वर्णांचें, २ मासे ११ वर्णांचें आणि ४ मासे १० वर्णांचें एकत्र आटविलें, तर वर्ण कोणता? १३० + ४८ + २२ + ४० = २४०; सोनें २० मासे; म्हणून वर्ण १२. हेंच सोनें शुद्ध करतांना १६ मासे उरलें, तर वर्ण २४० ÷ १६ = १५; कारण हीण गेलें तरी खरें सोनें तितकेंच राहिलें. खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटणें येथें एक शिलालेख आहे. आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, मठ स्थापिल्याचें त्यांत नमूद आहे.

आतां परीक्षेकडे वळूं. समजा, चाचणीस १, सहामाहीस ३ आणि वार्षिक परीक्षेस ६ असा भार ठरला आहे. एका विद्यार्थ्यास या तिहींत शेंकडा ८०, ६० व ५० गुण मिळाले. दुसऱ्यास ५०, ६० व ८०. साधी सरासरी दोघांचीही ६३⅓. परंतु भार लावल्यास पहिल्याची बेरीज ८० + १८० + ३०० = ५६०, म्हणजे सरासरी ५६; दुसऱ्याची ५० + १८० + ४८० = ७१०, म्हणजे सरासरी ७१. अंतर थेट १५ गुणांचें! पहिल्यानें चाचणीच्या गुणांवर निर्धास्त राहणें जितकें अनुचित, तितकेंच दुसऱ्याच्या पालकांनीं चाचणीनंतर त्यास नादान ठरविणें घाईचें.

हा हिशेब वार्षिक परीक्षेपूर्वीं केल्यास अधिक उपयोगी पडतो. पहिल्या विद्यार्थ्यास ६० सरासरी हवी होती असें धरूं. त्यासाठीं एकूण ६०० पाहिजेत. पैकीं २६० त्यानें मिळविले होते. उरलेल्या ३४० ला ६ नें भागल्यास ५६⅔ येतात. म्हणजे वार्षिक परीक्षेंत त्यास ५७ गुण पुरेसे झाले असते. लक्ष्य असें आंकड्यांत दिसलें, म्हणजे तें अवघड वाटेनासें होतें आणि अभ्यासाची दिशाही ठरते.

शेवटीं पालक व पाल्य यांनीं मिळून सोडविण्यासाठीं एक उदाहरण : 'अ' तुकडींत ४० विद्यार्थी असून त्यांची सरासरी ६० आहे, 'ब' तुकडींत २० विद्यार्थी असून त्यांची सरासरी ४५ आहे. दोन्ही तुकड्यांची मिळून सरासरी किती? उत्तर साडेबावन्न आल्यास हा लेख पुन्हां वाचावा. ५५ आल्यास लेखाचें काम झालें.