पडका किल्ला आणि बँडवरील स्तोत्र

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील अॅबरिस्टविथ या गांवीं, समुद्राच्या अगदीं काठाशीं, एक पडका किल्ला आहे. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानें तो १२७७ मध्यें बांधावयास घेतला; १४०४ मध्यें वेल्श पुढारी ओवेन ग्लिनडूर यानें तो जिंकला; आणि यादवी युद्धानंतर १६४९ मध्यें पार्लमेंटच्या पक्षानें तो पाडून टाकला. आतां कांहीं बुरूज व भिंतींचे तुकडे तेवढे उभे आहेत.

या अवशेषांच्या शेजारीं, मुळांत हॉटेलासाठीं बांधलेल्या इमारतींत, १८७२ मध्यें एक कॉलेज निघालें. तेथें १८७४ मध्यें जोसेफ पॅरी हे संगीताचे प्राध्यापक म्हणून आले. पॅरी मर्थर टिडफिलचे, बालपणींच लोखंडाच्या कारखान्यांत राबलेले. त्यांनीं बांधलेली स्तोत्राची एक चाल १८७९ मध्यें छापली गेली. तिचें नांवही 'अॅबरिस्टविथ'च.

आपल्याकडे बँड म्हटला कीं लग्नाची वरात डोळ्यांपुढें येते. प्रार्थनेला तो कसा शोभावा, अशी शंका साहजिक आहे. पण मर्थरला कारखानदार क्रॉशे यांनीं १८३८ मध्येंच बँड उभारला होता, आणि पॅरींनीं त्याच्यासाठीं 'टिडफिल' नांवाची स्वतंत्र रचनाही केली. शिवाय स्तोत्राची बांधणी चार आवाजांची असते. वरचा आवाज कॉर्नेटकडे, मधले दोन हॉर्न व युफोनियमकडे आणि खर्ज ट्यूबाकडे सहज जातो. वादकही गाणाऱ्याप्रमाणेंच श्वासावर अवलंबून. दम संपतो तेथें ओळ थांबते. शब्द गेले तरी त्यांचे विराम राहतात.

चाल कोमल गंधाराची, आरंभीं संथ; उत्तरार्धांत ती पायरीपायरीनें वर चढते. पुष्कळ बँड येथेंच फसतात. किल्ल्याचें चित्र उभें करावयाचें म्हणून पहिल्यापासून नगारे आणि झांजा वाजविल्या, तर ऐकणाऱ्याला लढाई दिसते. पडका किल्ला दिसत नाहीं. जाणता संयोजक पहिली ओळ खर्जाच्या दोन-तीन वाद्यांनाच देतो, त्यांच्यामध्यें मोकळी जागा ठेवतो आणि सगळा ताफा त्या चढणीसाठीं राखून ठेवतो. शिखर गांठल्यावर वरचीं वाद्यें एकेक करून थांबतात. शेवटचा स्वर ट्यूबाचा, तोही दम पुरेल तेवढाच.