जॉन स्मिथ, मुक्काम नागपूर : लढाईच्या कागदात आपला माणूस कसा शोधायचा?

लकडगंजातून रेकॉर्ड करतेय, त्यामुळे ऑडिओत मध्येच आरामशीनचा आवाज आला तर सांभाळून घ्या. ज्यांना बसमध्ये, ऑफिसात ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी हे शब्दांकन.

मागच्या भागात मी गोपाळ मुकुंद हुद्दार यांचं नाव घेतलं होतं. लोक त्यांना बाळाजी हुद्दार म्हणायचे. त्यावर एका श्रोत्याचा मेसेज आला, "ताई, स्पेनच्या लढाईत गेलेल्यांची नावं ऑनलाइन शोधली. हुद्दार कुठंच नाही. काहून?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. आणि उत्तर छोटं आहे: ते तिथे हुद्दार म्हणून लढलेच नाहीत, 'जॉन स्मिथ' म्हणून लढले. आता इंग्रजांत जॉन स्मिथ म्हणजे आपल्याकडे राम पाटील. हजारो सापडतील! मग यातला आपला कोणता, हे कसं ओळखायचं? आजचा भाग त्याच्यावर.

आधी माणूस समजून घेऊ

1929 मध्ये नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या जबाबदाऱ्या ठरल्या तेव्हा डॉ. हेडगेवार सरसंघचालक झाले आणि हुद्दार सरकार्यवाह. म्हणजे संघाचे पहिले सरकार्यवाह हेच. पुढे 1931 च्या बालाघाटच्या राजकीय दरोड्याच्या प्रकरणात त्यांना तुरुंगवास झाला. सुटल्यावर ते पत्रकारिता शिकायला लंडनला गेले. तिथे वातावरणच वेगळं होतं. स्पेनमध्ये जुलै 1936 पासून यादवी युद्ध पेटलं होतं. एका बाजूला निवडून आलेलं प्रजासत्ताक सरकार, दुसऱ्या बाजूला जनरल फ्रँकोचं बंडखोर सैन्य, आणि फ्रँकोच्या पाठीशी हिटलर व मुसोलिनी. प्रजासत्ताकाच्या बाजूने लढायला सुमारे पन्नास देशांतून अंदाजे 35 हजार लोक स्वतःहून गेले. या पथकांना 'इंटरनॅशनल ब्रिगेड्स' म्हणतात. 1937 मध्ये आपले हुद्दारही त्यात सामील झाले. पुढे भारतात परतल्यावर ते कम्युनिस्ट पक्षात गेले.

आता बघा गंमत. संघाच्या गोष्टीत हा माणूस पहिल्या पानावर येतो आणि गायब होतो. डाव्यांच्या गोष्टीत तो मधूनच उगवतो. पूर्ण माणूस दोन्हीकडे मावत नाही. म्हणून कागद महत्त्वाचा. तो कोणाच्या सोयीने विसरत नाही. पण कागदही कोणाच्या तरी सोयीसाठीच लिहिलेला असतो, हे पण लक्षात ठेवा.

नाव का बदललं?

हौस म्हणून नाही. ब्रिटिश सरकारने जानेवारी 1937 मध्ये 1870 चा एक जुना कायदा बाहेर काढला आणि जाहीर केलं, की स्पेनच्या लढाईत भरती होणं गुन्हा आहे. त्यामुळे लोक लंडनहून पॅरिसचं शनिवार-रविवारचं सहलीचं तिकीट काढायचे, कारण त्याला पासपोर्ट लागत नसे. पुढे फ्रान्समधून रात्रीच्या अंधारात पिरेनीज पर्वत पायी ओलांडायचा. अशा प्रवासात खरं नाव कोण सांगणार? त्यातून हुद्दार राजकीय गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेले, आणि लंडनमधल्या भारतीयांवर नजर ठेवायला ब्रिटिशांचं खास गुप्तचर खातं होतं. टोपणनाव म्हणजे कवचच.

म्हणजे यादीत नाव नाही याचा अर्थ माणूस नव्हता असा होत नाही. कधी कधी नाव नसणं हाच पुरावा असतो, की त्याला लपायचं कारण होतं.

कंपनी पकडा, माणूस सापडतो

नावाने सापडत नसेल तर तुकडीने शोधा. सैन्याचा हिशेब तुकडीवर चालतो. पगार, बूट, रजा, जखमी, बेपत्ता, सगळं कंपनीवार लिहिलं जातं. ब्रिटनमधून आलेले बहुतेक स्वयंसेवक पंधराव्या ब्रिगेडच्या ब्रिटिश बटालियनमध्ये होते. या बटालियनचं सुरुवातीचं नाव माहितीये काय होतं? सकलातवाला बटालियन! शापुरजी सकलातवाला म्हणजे मुंबईचे पारशी, टाटा घराण्याचे नातेवाईक, लंडनच्या बॅटर्सी नॉर्थमधून ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले कम्युनिस्ट खासदार. ते जानेवारी 1936 मध्ये वारले, म्हणून त्यांचं नाव. पण ते नाव फारसं रुळलं नाही. याच बटालियनच्या पहिल्या कंपनीला 'मेजर अ‍ॅटली कंपनी' म्हणायचे. तेच क्लेमंट अ‍ॅटली, ज्यांच्या पंतप्रधानपदाच्या काळात 1947 ला आपण स्वतंत्र झालो.

म्हणजे सर्चमध्ये फक्त 'ब्रिटिश बटालियन' टाकून थांबू नका. एकाच तुकडीची दोन-तीन नावं असतात.

एक माणूस, चार कपाटं

पहिलं कपाट मॉस्कोत. युद्ध हरल्यावर ब्रिगेडचे कागद तिकडे नेले गेले. आज ते रशियाच्या सामाजिक-राजकीय इतिहासाच्या सरकारी अभिलेखागारात आहेत, संग्रह क्रमांक 545. यातला बराच भाग स्कॅन होऊन इंटरनेटवर आलाय. इथे स्वयंसेवकाबद्दल शेरे असतात: चांगला, कमकुवत, पक्षनिष्ठ आहे की नाही. लक्षात घ्या, हे शेरे शौर्य मोजायला नव्हते, निष्ठा तपासायला होते.

दुसरं कपाट लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात. ब्रिटिश गुप्तचर खात्याने स्पेनला जाणाऱ्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. 2011 मध्ये त्या खुल्या झाल्या, जवळपास 4 हजार नावं. गंमत म्हणजे खऱ्या स्वयंसेवकांची संख्या साधारण अडीच हजार धरतात. मग बाकीचे कोण? ज्यांच्यावर नुसता संशय होता, तेही यादीत. म्हणून 'यादीत आहे म्हणजे लढला' हेही खरं नाही.

तिसरं कपाट शत्रूचं. 1938 च्या वसंतात अरागॉनची आघाडी कोसळली आणि गांदेसा भागातल्या लढाईत हुद्दार पकडले गेले. त्यांना बुर्गोस शहराजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठात ठेवलं. तिथे शेकडो परदेशी कैदी होते. फ्रँकोच्या सैन्यातला व्हायेखो-नाखेरा नावाचा मानसोपचारतज्ज्ञ तिथल्या कैद्यांवर 'संशोधन' करत होता. माणूस लाल विचारांचा होतो तो मेंदूतल्या दोषामुळे, हे त्याला सिद्ध करायचं होतं. कैद्यांची मापं घेतली गेली, फॉर्म भरले गेले. म्हणजे इथे भरलेला कागद माणसाला वेडा ठरवण्यासाठी होता. असा कागद वाचताना त्यातलं माप घ्या, निष्कर्ष घेऊ नका.

चौथं कपाट सुटकेचं. 1938 च्या अखेरीस कैद्यांच्या अदलाबदलीत हुद्दार सुटले. परतणाऱ्या अनेकांकडून ब्रिटिश सरकारने प्रवासखर्च परत करण्याची हमी लिहून घेतली होती. पैशाचा व्यवहार आला की कागद तयार होतो, आणि सहसा जपलाही जातो. माझा अनुभव सांगू? शौर्याच्या वर्णनापेक्षा उधारीच्या कागदात तारीख जास्त नीट असते.

मग ओळख पटवायची कशी?

एका कागदावर भरवसा ठेवायचा नाही. तीन धागे जुळवा: तारीख, ठिकाण, तुकडी. एखादा जॉन स्मिथ 1937 मध्ये भरती झाला, वसंतात गांदेसाजवळ पकडला गेला, सान पेद्रोत राहिला आणि 1938 च्या अखेरीस सुटला. तिकडे नागपूरचे हुद्दारही त्याच सुमारास सुटून लंडनला येतात आणि तिथे भारतीयांकडून त्यांचं जाहीर स्वागत होतं. आता साखळी जुळली. नाव सगळ्यात शेवटी बघायचं, सगळ्यात आधी नाही.

आपल्या घरासाठी हेच सूत्र

आता म्हणाल, आमच्या घरून कोणी स्पेनला गेलं नाही. बरोबर. पण कोणाचे पणजोबा बेचाळीसच्या आंदोलनात होते, कोणाचे महायुद्धात मेसोपोटेमियाला गेले, कोणी भूमिगत होते. तिथेही टोपणनाव, इंग्रज कारकुनाने वाटेल तसं लिहिलेलं आडनाव, हे सगळं येणारच. हुद्दार हे एक नाव रोमन लिपीत किती प्रकारे लिहिता येईल, मोजून बघा.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' नावाचं पोर्टल आहे, फोनवर उघडतं. महाराष्ट्राच्या पुराभिलेख संचालनालयाची शाखा आपल्या नागपुरातच आहे. जाताना फक्त नाव नेऊ नका. गाव, साल, तुरुंग किंवा पलटण लिहून न्या. घरी जुना कागद असेल तर दोन्ही बाजूंचा फोटो काढा, कारण शिक्के आणि नोंदी बहुतेक वेळा मागच्या बाजूला असतात. आणि घाई करा. अभिलेखागारातला कागद वाट बघेल, पण "आजोबांना बाहेर वेगळ्या नावाने ओळखायचे" हे सांगणारी आजी कायम नसते. ते नाव तिच्यासोबत गेलं, तर पुढे जगातली सगळी कपाटं उघडली तरी तुम्हाला फक्त एक जॉन स्मिथ दिसेल.

तर या आठवड्याचं काम: घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला एकच प्रश्न विचारा, "त्यांना बाहेर काय म्हणायचे?" उत्तर फोनवर रेकॉर्ड करा. काही भारी सापडलं तर मला पाठवा, त्यांची परवानगी घेऊन. भेटू पुढच्या भागात!