वांग्यावरील शेंडा व फळ पोखरणारा पतंग

वांग्यावरील शेंडा व फळ पोखरणारा पतंग (शास्त्रीय नाव: ल्यूसिनोडिस ऑर्बोनॅलिस) हा दक्षिण व आग्नेय आशियात आढळणारा लहान निशाचर पतंग आहे. त्याची अळी ही वांग्याच्या पिकावरील सर्वांत हानिकारक कीड मानली जाते.

वर्गीकरण

फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ आशील गने यांनी १८५४ मध्ये या जातीचे वर्णन केले. तिचा समावेश लेपिडॉप्टेरा गणाच्या क्रॅम्बिडी कुलात, स्पिलोमेलिनी उपकुलात होतो. क्रॅम्बिडी हे पूर्वी पायरॅलिडी कुलाचाच भाग मानले जात असल्याने जुन्या ग्रंथांत ही जाती पायरॅलिडी कुलात दाखविलेली आढळते. आफ्रिकेतील तत्सम पतंगही याच जातीचे समजले जात. परंतु २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून ते वेगळ्या जातींचे असल्याचे स्पष्ट झाले.

स्वरूप

पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारे २० मिमी. असते. पंख पांढरे असून पुढच्या पंखांवर तपकिरी, काळसर व गुलाबी छटेचे ठिपके असतात. मागच्या पंखांवर लहान काळसर खुणा असतात. पतंग बसलेला असताना त्याच्या उदराचे टोक वर वळलेले दिसते. पूर्ण वाढलेली अळी फिकट गुलाबी रंगाची असते.

जीवनचक्र

मादी बहुधा पानांच्या खालच्या बाजूस एकेक अंडे घालते. काही दिवसांत बाहेर पडलेली अळी लगेच कोवळ्या शेंड्यात शिरते व शेंडा सुकून खाली वाकतो. फळे धरल्यावर ती फळात शिरते आणि आत शिरण्याचे छिद्र विष्ठेने बुजविते. पूर्ण वाढ झाल्यावर ती फळाबाहेर पडून पालापाचोळ्यात किंवा खोडावर रेशमी आवरणात कोषावस्थेत जाते.

आर्थिक महत्त्व

अळी आयुष्याचा बहुतेक काळ शेंड्यात किंवा फळात लपलेली असल्याने फवारलेले कीटकनाशक तिच्यापर्यंत पोहोचत नाही. परिणामी वारंवार फवारण्या होतात, खर्च वाढतो आणि फळांत विषारी अंश राहण्याचा धोका निर्माण होतो. सुकलेले शेंडे व किडलेली फळे काढून नष्ट करणे आणि कामगंध सापळे लावणे हे नियंत्रणाचे प्रमुख उपाय आहेत.

या किडीला प्रतिकार करणारे बीटी वांगे महाराष्ट्रातील महिको या बियाणे कंपनीने विकसित केले. सुरक्षिततेविषयीच्या वादानंतर भारत सरकारने फेब्रुवारी २०१० मध्ये त्याच्या व्यापारी लागवडीस स्थगिती दिली. बांगलादेशाने मात्र २०१३ मध्ये लागवडीस मान्यता दिली.