वर आलं म्हणजे खरं?

‘गूगलवर पहिलंच हे आलं’ असं कुणी म्हटलं की हल्ली घरातले वाद मिटतात. वर येतं ते खरंच असतं, हा फार चिवट गैरसमज. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलेल्या पद्धतीत एखाद्या पानाकडे किती आणि किती वजनदार पानं बोट दाखवतात, यावर त्याचा मान ठरे. आज निकष पुष्कळ वाढलेत. पण मजकुरातलं प्रत्येक विधान पडताळणारं तिथे कुणी बसलेलं नाही. त्यात वरच्या जागा बऱ्याचदा विकलेल्या असतात. ‘प्रायोजित’ हा शब्द वाचायचा कंटाळा करू नये.

सातबारा काढताना दुव्यावर टिचकी मारण्याआधी पत्ता वाचा. त्यात ‘महाभूमी’ आणि शेवटी ‘गव्ह डॉट इन’ हवं. बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधून फोन लावणं तर सरळ धोक्याचं. भामटे आपले नंबर पानोपानी पेरून ठेवतात. कार्डाच्या मागे छापलेला नंबर घ्यावा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा.

ब्राउझरच्या इनकॉग्निटो मोडमुळे आपण अदृश्य होतो, हेही खोटं. फक्त आपल्या मोबाइलवर इतिहास उरत नाही.

‘गूगलवर नाही म्हणजे कुठेच नाही’, हा समज मराठीत शोधणाऱ्याला विशेष नडतो. शोधयंत्र त्या क्षणी सगळं इंटरनेट धुंडाळत नाही, आधी करून ठेवलेल्या सूचीत बघतं. युनिकोड रुळण्याआधीच्या फॉन्टमधलं पान आपल्याला मराठी दिसतं, यंत्राला मात्र रोमन अक्षरांचा काला. स्कॅन केलेलं पुस्तक म्हणजे नुसतं चित्र. त्यातली अक्षरं ओळखून घेतली नसतील, तर आतला शब्द सापडायचा कसा? शिवाय कुणी ‘सातबारा’ लिहितं, कुणी ‘७/१२’. म्हणून सगळी रूपं टाकून पाहावीत. नेमकं वाक्य हवं असेल तर ते दुहेरी अवतरणात घालावं. मराठी विश्वकोशासारख्या ठिकाणी गूगलचा नाद सोडून थेट त्यांच्या संकेतस्थळावर जावं आणि तिथल्याच शोधपेटीत शब्द टाकावा.